ऑर्विनहोल्डची फेरमोजणी

७ सप्टेंबर, रविवार

मिलिंदचं पार्सल आलं, हैदराबादहून. डबा एवढा मोठा की आईला वाटलं पोरानं मिक्सर पाठवला. उघडला तर आत ऑर्विनहोल्ड, आमचा शाळेपासूनचा कॉम्प्युटरवरचा खेळ. नवीन निघालेला. वर सोनेरी अक्षरांत 'डेफिनिटिव्ह एडिशन', म्हणजे आधीचे सगळे बहुतेक अंदाजे होते. आत एक कंट्रोलर, एक पितळी दिसणारं प्लास्टिकचं नाणं, आणि कापडावर छापलेला ऑर्विनहोल्डचा नकाशा. रंगीत. चारी बाजूंनी झालर.

मला नकाशा पाठवला. मला!

स्केल नाही. उत्तर कुठं ते नाही. डोंगर सगळे एकाच ठशातले. असला कागद आमच्या मोजणीच्या ऑफिसात कोणी सहीला आणला असता तर तोंडावर फेकला असता.

सोबत मेसेज: "तायडे, या धम्मचक्रले जमन असं वाटत नाई. लीव्हचं अवघड आहे. हा खेळजो. यात एकटीलेबी जमते."

एकटीले जमते म्हणे. नोकरीला लागल्यापासून हा माणूस दरवर्षी दसऱ्याला वर्ध्याला येतो. आईला नागपूरला दीक्षाभूमीवर नेतो, आणि उरलेले दिवस आम्ही दोघं ऑर्विनहोल्ड खेळतो. तो कीबोर्डवर, मी शेजारी ग्राफपेपर घेऊन. तो चालतो, मी नकाशा काढते आणि कुठं वळायचं ते सांगते. शाळेत होतो तेव्हापासून असंच आहे. वर्षातून एकदा भाऊ घरी येतो, त्याचं निमित्त हे.

राग आला. सरळ लिहिते, फार राग आला.

आई म्हणे, "नाणं देवघरात ठेवू का?" आमच्याकडे देवघर नाही. बुद्धाच्या मूर्तीपुढं ठेवलं. दोन मिनिटांनी उचलून आणलं.

८ सप्टें., सोम.

सेलूच्या एसटीत उभ्यानं. मि.ला मेसेज टाकला: "नवीन फालतू आहे. सिद्ध करून दाखवते. मग येशील?"

मि.: "न पाहताच फालतू?"

मी: "पाहून सांगते. सगळे पाहते. एकूणएक आवृत्ती. रीतसर अहवाल पाठवते. जुनाच खरा निघाला तर सुटी काढायची आणि यायचं."

मि.: "पाहू."

आणि एक अंगठा. 'पाहू' म्हणजे मि.च्या भाषेत नाही, हे आईपण सांगेल. तरी करणार. पंधरा वर्षं लोकांच्या शेताच्या हद्दी मोजतेय, धुऱ्यावरून एकमेकांची डोकी फोडायला निघालेले भाऊ माझा नकाशा बघून गप्प बसलेत. हा एक काय.

१० सप्टें., बुध.

आधी जुना. मूळचा. आठवणीतून लिहिते, मशीनवर नंतर बघू.

बाबा होते तेव्हाचा. वर्ध्यातली एक टायपिंग इन्स्टिट्यूट बंद पडली, तिथला कॉम्प्युटर बाबांनी घेतला. कीबोर्डवर एम नव्हतं. नुसतं बटण नाही, खालच्या दांडीसकट गायब, तिथं खड्डा. सीडी सीताबर्डीच्या फुटपाथवरची, पुस्तिका वगैरे काही नाही. सुरू केला की चार माणसांना नावं द्यायची. तलवारवाल्याचं ठाणेदार, कारण त्याला पोट होतं. चोराचं बबन. जखमा बऱ्या करणारीचं सिस्टर. आणि जादूगाराचं मास्तर ठेवायचं होतं, पण एम नाही, म्हणून ASTAR. आजतागायत तो आस्तरच आहे.

काय आहे त्यात? काही नाही. सोळा रंग. राक्षस आला की टुक्‌ टुक्‌ वाजतं. विहिरीवर एक म्हातारा असतो, तो एकच वाक्य बोलतो, पूर्वेला जाऊ नका. बस. कोणी काही समजावत नाही, कोणी पाठ थोपटत नाही, नकाशा नाही. चुकलात तर मेलात. समोरच्याला अक्कल आहे असं धरून चालणारा खेळ. असे आता निघत नाहीत, कारण तशी माणसं निघत नाहीत.

मशीन नंतर दोनदा बदललं, कीबोर्ड तोच. मि. म्हणतो हाताला सवय झाली. त्याची पिन नव्या मशीनला बसत नाही म्हणून हैदराबादहून कन्व्हर्टर आणतो बिचारा. याला म्हणतात निष्ठा. मग हा डबा कायले पाठवला?

१३ सप्टें., शनि.

'गोल्ड'. मि.नं कॉलेजात असताना आणला होता. त्या वर्षी अर्धा तास खेळून बंद केला होता. आज पूर्ण तीन तास बसले, अहवालासाठी.

यात घुबड आहे.

घुबड खांद्यावर बसतं आणि बोलतं. "जखमी आहात, विश्रांती घ्या." "अंधार आहे, मशाल लावा." अरे, अंधार आहे हे मला दिसतंय, म्हणजे दिसत नाहीये, तेवढं कळतंय मला! दार दिसलं की म्हणतं, हे दार आहे. चौथ्या दाराला मी आस्तरला त्याच्यावर आगीचा गोळा टाकायला लावला. घुबडाला काही होत नाही. ठाणेदार मात्र भाजला.

आणि संगीत. मूळच्या टुक्‌ टुक्‌ऐवजी अख्खा बँड. स्मशानात पण बँड. लग्नातल्या बँडवाल्यांना शंभराची नोट दाखवून थांबवता तरी येतं.

शेरा: घुबडासह नामंजूर.

१४ सप्टें., रवि.

मोबाइलवरचा. फुकट. फुकट असूनही महाग.

बबन चोर आहे. जन्मभर कुलपं उघडण्यात गेला त्याचा. या आवृत्तीत बबनला कुलूप उघडायला चार तास लागतात. ताबडतोब पाहिजे तर हिरे विकत घ्या. चोरानं कुलूप उघडायला आधी पैसे भरायचे! मि.ला लिहिलं, "बबनची पार इज्जत काढली." त्यानं हसण्याचे दोन चेहरे पाठवले. फोन नाही केला.

दुपारी ठाणेदार मेला. पडद्यावर आलं, जिवंत करायचाय? जाहिरात पहा. पाहिली. गुडघेदुखीच्या तेलाची. आई मागं उभी होती. "सुजाता, हे आपल्याले मागवता येईन का वं?"

म्हटलं, आई, इथं माणूस मरून पडलाय.

"त्याले उठव नं मंग, पण नंबर लिहून घेजो."

शेरा: अख्ख्या आवृत्तीत समाधानी फक्त आई.

१७ सप्टें., बुध.

ऑफिस. रोव्हर आलंय आमच्याकडे, उपग्रहावरून मोजणी करणारं यंत्र. काठी रोवली की हद्द आली. साहेब म्हणाले, "मॅडम, आता तुमच्या मोजणीच्या साखळ्या म्युझियममध्ये." हसायचं होतं म्हणून हसले. त्या यंत्राशी माझं भांडण नाही, खरं मोजतं ते. पण काठी घेऊन काळ्या मातीच्या चिखलात गुडघाभर कोण उतरतं? साहेब नाही उतरत.

मि.चा फोन नाही. आईनं विचारलं, कपाटावरची गादी उन्हात टाकू का, तो येईन तं लागन. म्हटलं टाक. ऊन नव्हतंच.

१८ सप्टें., गुरु.

'एचडी रीमास्टर'. मि.च्याच अकाउंटवरून उतरवला.

फोटो स्टुडिओवाले लग्नाच्या अल्बममध्ये नवरीला घासून घासून इतकी उजळ करतात की तिची आईपण ओळखत नाही. इथं सगळ्यांनाच तसं घासलंय. विहिरीवरचा म्हातारा तुकतुकीत. ठाणेदाराचं पोट गेलं, छातीला खाचा आल्या. आणि सिस्टर. आमची सिस्टर चार ठिपक्यांची होती, तपकिरी. आम्हाला त्या चार ठिपक्यांत सरकारी दवाखान्यातली सिस्टर दिसायची, आपल्याच वॉर्डातली, सुई टोचताना ओरडणारी. आता गोरीपान आहे, पापण्या फडफडवते आणि कमरेवर हात ठेवून उभी राहते. ही कोणाच्या जखमा धुणार? हिची नखं बघा!

सोळा रंगांत सावळी माणसं मावत होती. सोळा लाख रंगांत मावली नाहीत.

शेरा लिहायची पण इच्छा नाही.

२० सप्टें., शनि.

शेवटी तो डबा. सुटी होती, सकाळीच बसले.

उघडताच आकाशवाणी. हिंदीत. "हे वीर! उठो! ऑर्विनहोल्ड तुम्हें पुकार रहा है!" पौराणिक मालिकेतला आवाज. आईनं स्वयंपाकघरातून पदर डोक्यावर घेतला, मग माझ्याकडे बघून काढला.

नावं बदलता येत नाहीत. चौघांना आपापली नावं आहेत, आपापली दुःखं आहेत आणि ती ते सारखी सांगतात. जादूगाराचं बालपण वाईट गेलं. बरं मग? आस्तरनं कधी तोंड उघडलं होतं का? निमूट गोळे टाकायचा.

आणि बाण. जमिनीवर सोनेरी बाण उमटतो, कुठं जायचं ते दाखवतो. वर कोपऱ्यात नकाशा आपोआप तयार होतो. तरी समजलं नाही तर घोडा बोलतो. मी मुद्दाम डोळे मिटले आणि कंट्रोलरची कांडी पुढं दाबून धरली. पोचले. डोळे मिटून पोचले! शेळी बसवली तर शेळीपण राज्य जिंकेल यात.

तिसरं तळघर आठवतं? तीन दसरे गेले होते आमचे तिथं. दोनदा माझा नकाशा चुकला, एकदा मि.नं ऐकलं नाही. सापडलं तेव्हा मि. खुर्चीवर उभा राहिला होता आणि मी त्याच्या पाठीत बुक्के मारत होते. आज तेच तळघर आईचा चहा उकळायच्या आत संपलं. फटाके उडाले पडद्यावर. मी शेजारी बघितलं. शेजारी कपड्यांची बादली.

मि.ला लिहिलं, "तिसरं तळघर झालं."

मि.: "आवडला नं?"

मी: "तू खेळलास?"

मि.: "हव. संपवला."

संपवला. एकट्यानं. मला सांगितलं पण नाही की सुरू केलाय.

जेवले नाही. आईला सांगितलं पोट बिघडलं.

२१ सप्टें., रवि.

अहवाल लिहायला घेतला. पहिलं वाक्य: "मूळ आवृत्तीत नकाशा नाही, म्हणून ती सर्वांत प्रामाणिक आहे." झकास. बाकी आवृत्त्यांची क्रमानं धुलाई. घुबड, हिरे, नखं, घोडा. मग वाटलं, बाकी सगळे मशीनवर बसून तपासले आणि जुना नुसता आठवणीतून? हे पक्षपाती. मोजणीत असं चालत नाही. एका शेजाऱ्याचं शेत मोजायचं आणि दुसऱ्याचं तोंडी घ्यायचं, असं होत नाही.

जुनं मशीन मेलंय, उंदरांनी वायर खाल्ली. पण मि.नं मागं पेनड्राइव्हवर जुना घालून ठेवला होता. लॅपटॉपवर लावला. चालला! टुक्‌ टुक्‌ ऐकून डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. नावं टाकली. लॅपटॉपवर एम आहे, तरी ASTAR च टाकलं.

पहिल्याच तळघरात दारावर प्रश्न आला, आत जायचं का, होय-नाही. वाय किंवा एन. मला एन दाबायचा होता. जुन्या कीबोर्डवर एनच्या शेजारी खड्डा, त्यामुळं बोट तिकडं सरकलं तरी बिघडत नव्हतं. आज बोट सरकलं आणि एम दाबलं गेलं.

नकाशा उघडला.

अख्खा. जेवढं चाललो तेवढ्या खोल्या, दारं, जिने. जिथं गेलो नाही ते काळं. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण.

मूळ आवृत्तीत. पहिल्या दिवसापासून. मी बंद केला. परत एम दाबलं. परत उघडला.

२२ सप्टें., सोम.

एसटी चुकली. लेट मार्क.

ग्राफपेपरची थप्पी काढून पलंगावर पसरली. बारावीच्या वर्षाचे आहेत, डिप्लोमाचे आहेत, नोकरीचे. खोडरबरानं भोकं पडलेले. मोजणीत आले ती यांच्यामुळं, असं मी मुलाखतीत सांगितलं होतं. साहेबलोक हसले होते, पण नोकरी लागली.

एका बटणाचं काम. तेवढं आयुष्यभर करत बसले.

आई म्हणे, रद्दीवाला येऊन राह्यला का? म्हटलं हात लावू नको.

२३ सप्टें., मंगळ.

आता दुसरा प्रश्न. मि.ला माहीत होतं का?

कसं नसेल! कॉम्प्युटरचंच खातो तो. नवा कीबोर्ड वर्ध्यात कुठल्याही दुकानात मिळतो, चहा-नाश्त्याच्या पैशात. आणि हा दरवर्षी त्या खड्डेवाल्या कीबोर्डासाठी हैदराबादहून कन्व्हर्टर घेऊन येतो. हाताला सवय म्हणे! आणि मी त्याला निष्ठा म्हणत होते. भैताड मी.

म्हणजे दरवर्षी बाजूला बसवून गंमत बघत होता. ताई काढतेय चौकोन, काढू दे.

फोन करणार नाही.

२५ सप्टें., गुरु.

केला. जेवणाच्या सुटीत, ऑफिसच्या मागं, सायकलस्टँडशी.

"एम दाबलं," म्हटलं.

तिकडून, "कुठी?"

"लॅपटॉपवर."

"अबे यार."

"कधीपासून माहीत आहे?"

"कॉलेजपासून. होस्टेलात एकाच्या मशीनवर पाह्यलतं."

"अन् मले सांगितलं नाई."

"नाई."

"काऊन?"

मला वाटलं हसेल. हसला असता तर बरं झालं असतं, मी तयारी करून गेले होते. तो म्हणाला, "सांगितलं असतं तं तू बसली असती का? तुले त्या खेळाचं काय पडलं होतं, तायडे? राक्षस मेला का जगला तू पाहे पण नाई. तू नकाशासाठी बसे. नकाशा काढाचा नाई म्हटलं का तू उठशील, भांडे घासशील, आईच्या दवाईचं पाहशील, ऑफिसचे कागद काढशील. मी वर्षातून एकदा येतो. मंग मी कोणापाशी बसू?"

मी म्हटलं, "बह्याड आहेस तू," आणि कट केला.

दुपारभर एकाच गटाचा नकाशा समोर धरून बसले. साहेबांनी विचारलं, काही अडचण आहे का मॅडम. म्हटलं आहे.

खोटं नाही बोलला तो. उठले असते मी. चहा ठेवायला म्हणून उठले असते आणि परत आले नसते.

२६ सप्टें., शुक्र.

मि.चा मेसेज: "येतो. १ तारखेले पोचतो. शनिवारी वापस."

आईला सांगितलं. तिनं गादी काढली. आज पण ऊन नव्हतं.

अहवाल पाठवला नाही. पहिलं वाक्यच खोटं निघालं, बाकीचा कशावर उभा करू? घुबडाबद्दलचं मत मात्र कायम आहे.

१ ऑक्टो., बुध.

आला. वजन वाढलंय, केस गेलेत. आईनं दारातच विचारलं, "जेवत नाई का तू?" त्याचं पोट बघून विचारलं, हे विशेष.

यावर्षी दसरा आणि दोन ऑक्टोबर एकाच दिवशी. सरकारी माणसाची एक सुटी सरळ बुडाली. यावर ऑफिसात आठवडाभर शोक चालू आहे.

एमचा विषय त्यानं काढला नाही, मी पण नाही. नाणं बघून म्हणाला, "हे कायले ठेवलं?" म्हटलं, तुझ्या तोंडावर फेकायला.

२ ऑक्टो., गुरु.

नागपूर. पहाटेच्या गाडीत पाय ठेवायला जागा नाही. आई पांढऱ्या लुगड्यात, मि.नं तिचा हात एकदाही सोडला नाही. स्तूपाला रांग, मग पुस्तकांच्या स्टॉलवर दोघं मायलेक हरवले. तिनं स्वतःसाठी दोन घेतली, माझ्यासाठी एक कॅलेंडर. झुणका-भाकर. पाय दुखतात.

मि.ला दोनदा फोन आले. दोन्ही वेळा बाजूला जाऊन इंग्रजीत बोलला. सुटीच्या दिवशी कोणाचे फोन? विचारलं तर म्हणे ऑफिसचे.

३ ऑक्टो., शुक्र.

रजा टाकली. आई दुपारी शेजारी गेली. आम्ही बसलो.

आधी भांडण. मि. म्हणे नवीनच लावू, तुला बाण बंद कसा करायचा ते दाखवतो. म्हणजे तो बंद होतो! तेरा दिवस शिव्या घालत होते, कोणी सांगितलं नाही. म्हटलं ते काही नाही, जुना लाव, पेनड्राइव्हवरचा मागल्या दसऱ्याचा अर्धा राहिलेला डाव. लॅपटॉपवर लावला. तो कीबोर्डवर. मी शेजारी. ग्राफपेपर आणला नव्हता, मुद्दाम.

म्हणाला, "एम दाबू?"

"दाब की. तुझाच तं खेळ आहे."

दाबलं. दोघांनी तो नकाशा नीट बघितला, पहिल्यांदाच सोबत. काय सांगू, भिकार आहे. सगळ्या खोल्या एका मापाच्या दाखवल्यात, तिसऱ्या तळघराची लांबट खोलीसुद्धा चौकोनी. खाली पडायचे सापळे दाखवलेच नाहीत. बबन तीनदा मेला ती जागा साधी फरशी म्हणून दाखवली आहे. मी म्हटलं, हे कोणी काढलं, त्याला एक दिवस माझ्यासोबत शेतात पाठव. मि. हसायला लागला, थांबेचना. शेवटी मी उठून ग्राफपेपर आणला. त्यानं खुर्ची थोडी सरकवली.

मग मस्त चाललं. डावीकडं, दोन सोडून तिसरं दार, सरळ, थांब, परत. चौथ्या तळघरात उतरलो. समोर तीन राक्षस. मि.चे हात थांबले. मला वाटलं घाबरला.

पडद्याकडे बघूनच म्हणाला, "तायडे, जर्मनीले बोलावून राह्यले. तीन वर्षं. फेब्रुवारीत जा लागते."

मी म्हटलं, "कंपनी?"

"हव. सोमवारी सांगा लागते हो का नाई."

"आईले?"

"नाई सांगितलं."

"म्हणून पाठवला होता तो डबा?"

"हव. म्हटलं मी नसलो तं तुले खेळता याव."

तीन वर्षं म्हणजे तीन दसरे. आणि तिकडं गेलेलं कोण तीन वर्षांत परत येतं? आमच्याच वॉर्डातला एक गेला, आता त्याची आई व्हिडिओवर नातू बघते. मला त्याचा गळा धरावासा वाटला. आणि खरं सांगायचं तर, अभिमान पण वाटला, दोन्ही एकदमच.

मग तो माझ्याकडे वळला. "तू सांग. जाऊ का नको?"

नेहमी जसं विचारतो तसंच विचारलं, डावीकडं का उजवीकडं. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी सांगते नेहमी. आज पेन्सिल तशीच धरून बसले. म्हटलं, "आधी समोरचे निपट."

निपटले त्यानं. ठाणेदार गेला त्यात. आई आली, खेळ बंद झाला.

४ ऑक्टो., शनि.

मि. आंघोळीला गेलाय तेवढ्यात लिहितेय.

'जा' म्हटलं तर जाईल. 'नको' म्हटलं तर राहील, कुरकुर न करता राहील, आणि हेच मला नको आहे. जन्मभर माझ्या तोंडाकडं बघून वळला, आता एवढं मोठं वळण पण मीच सांगायचं? स्वतःचं डोकं चालव म्हणावं तर वाटतं, कोण विचारतं आजकाल बहिणीला. त्यानं विचारलं तरी.

आई भाजीपोळीचा डबा बांधून राह्यली. तिला वाटतं तो हैदराबादलाच चाललाय, पुढच्या दसऱ्याला आहेच. ऑटोवाल्याला सांगून ठेवलंय. स्टेशनवर बोलू म्हटलं तर तिथं गर्दी, आणि ऑटोत आई सोबत येणार. म्हणजे आताच.

रात्री दोन्हीची तयारी केली होती, मनात. 'जा'चं भाषण चांगलं झालंय. 'नको'चं एकच वाक्य आहे, पण ते खरं आहे.

नळ बंद झाला. तो बाहेर आलाय, टॉवेल खांद्यावर. हळू बोलायची अक्कल नाहीच त्याला, पॅसेजमधूनच विचारतो, "तायडे, काय ठरलं मंग?"

स्वयंपाकघरातून आई: "कायचं ठरलं?"